गालातली गोळी

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. आधी पार्सल फोड, मग पत्र वाच. फोडलंस? चार डबे आहेत, मोजून घे, पोस्टवाल्यांचा भरवसा नाही.

मी नोकरी बदलली. ओरडू नकोस. वखारीत लाकडं उचलून पाठीचं पार धनुष्य झालं होतं, आणि बाटल्यांच्या गोदामातला साहेब माणसाशी बाटलीसारखा वागायचा. आता गोळ्यांच्या कारखान्यात आहे. चघळायच्या गोळ्या, औषधाच्या नव्हेत. मला आंबट खात्यात टाकलंय. इथे एक मोठं पिंप तिरपं फिरत असतं, आत गोळ्या गडगडतात, आणि आपण वरून आंबट भुकटी मारायची. मुकादम बोट वर करतो, थांबायचं. भुकटी जास्त झाली की गोळी जीभ सोलते, कमी झाली की गोळीला कोणी विचारत नाही. भुकटी उडते पण फार. ओठांवर बसते, मिशीत बसते. पहिल्या दिवशी तोंडाला असं पाणी सुटलं की मुकादम नाव विचारतोय आणि मी नुसता गिळतोय.

तिथेच मला तू आठवलीस. तुझ्या मागच्या पत्रात त्या आजाराचं नाव होतं ना, शोग्रेन. मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, हे कुठल्यातरी माणसाचं नाव वाटतं. अंगातली राखणदार फौजच आपल्या लाळेवर आणि अश्रूंवर उलटते, असं डॉक्टर म्हणाले म्हणून तू लिहिलंस. मला फौजबिज कळत नाही. बसस्टँडच्या घोषणेच्या खोलीत बसून दिवसभर गाड्या सांगायच्या आणि तोंडात थेंब नाही, हे चालायचं नाही, एवढं कळतं. तर कायम एक गोळी गालात ठेव. संपली की दुसरी. मी आहे पाठवायला.

तुझा
भिंगरी


१६ फेब्रुवारी

भिंगरी,

अनेक आशीर्वाद. ओरडणारच होते, पण तोंडात गोळी होती.

बाळा, तुला कसं सांगू. सकाळी उठते तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली असते, पाणी घेऊन सोडवावी लागते. बिस्कीट खाल्लं तर वाळू खाल्ल्यासारखं. रडू आलं तर डोळ्यांत पाणी येत नाही, नुसती चुरचुर. फोनवर दोन वाक्यं बोलले की तिसरं आतच अडकतं, म्हणून आवाज नोकरीसाठी राखून ठेवते आणि तुला लिहिते. आणि काल तुझी गोळी गालात ठेवून सहा दहाची गाडी सांगितली, एका दमात, सगळ्या थांब्यांसकट. खिडकीबाहेरचा हमाल म्हणाला, "बाई, आज आवाज न्हालेला वाटतोय."

हे वेळेवर झालं. पंचवीस मे रोजी आमच्या आवाजांची तपासणी आहे. डेपोचे साहेब म्हणालेत, शब्द चिकटायला लागले तर रेकॉर्ड केलेला आवाज लावू, तो आजारी पडत नाही. चौदा वर्षं मी या काचेमागे बसते आहे. मला दुसरं काही येत नाही रे, आणि दुसरं काही करावंसं वाटतही नाही.

तुझं अक्षर अजून तसंच आहे. आठवतं? माईक चालू असताना बोलायची बंदी, म्हणून ड्रायव्हर लोक काचेखालच्या फटीतून चिठ्ठ्या सरकवतात. बाहेर बाकावर बसून तूही सरकवायचास. "ताई भूक." "ताई अजून किती." चार वर्षं शाळेत जाऊन जे जमलं नाही, ते त्या फटीत शिकलास.

तुझी
ताई


१० मार्च

ताई,

सहा डबे पाठवतोय. डब्यांचा आकडा बघून मुकादम म्हणाला, बहीण आहे की दुकान? मी म्हटलं, माझ्या बहिणीचा आवाज ऐकल्याशिवाय तिकडे एक गाडी हलत नाही. सगळ्या खात्याला सांगून झालंय. मुकादम हसला. तो हसताना तोंडावर हात धरतो, नवरीसारखा.

माझं बरं चाललंय. पाय मात्र शिवशिवतात. इथून पुढे दोन दिवसांवर बंदर आहे म्हणे, तिथे माणसं हवी असतात. पण तुझ्या गोळ्यांसाठी थांबलोय, हे लक्षात ठेव. मी कोणासाठी थांबलो असं याआधी कधी झालंय का?

तब्येत ठीक. हल्ली चहा कोमट करून पितो, इथल्या चहाला तोच उपाय. तू दिवसाला किती गोळ्या खातेस? हात आखडू नकोस.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

डबे पोचले. थोडक्यात लिहिते, हाताची बोटंही आखडली आहेत, तोही या आजाराचाच एक नखरा.

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. थंड वारा लागला तरी कळ जात होती. त्यांनी तोंडात आरसा फिरवला, एकेक दात टोकरून बघितला. मग म्हणाल्या, सात दात किडलेत, तेही हिरडीलगत, जिथे सहसा इतक्या लवकर किडत नाहीत. विचारलं, गोड काय खाता? मी म्हटलं, चहातही साखर घालत नाही. ते खरंच आहे. म्हणाल्या, मग दिवसभर तोंडात काही ठेवता का? मी म्हटलं, नाही.

जाऊ दे. तुमच्याकडे बिनसाखरेच्या गोळ्या होतात का रे? सहज विचारते.

ताई


९ एप्रिल

ताई,

सहज कशाला विचारतेस, हुकूम कर. होतात! दोन पिंपं सोडून बिनसाखरेचं पिंप आहे. चव तीच, वरून भुकटी तीच, आत साखर औषधालाही नाही. मुकादमाच्या हातापाया पडून पाच डबे काढले. म्हणावं त्या बाईंना, आता बोला. साखरच नाही तर कीड लागणार कशाला? आणि जुने डबे शेजारच्यांना वाटून टाक.

एक सांगू? सात किडले, उद्या दहा किडतील. एकेक भरत कशाला बसतेस, सगळेच काढून टाक आणि कवळी बसव. आईने नव्हती का बसवली? कटकट मिटली. खिडकीत पेल्यात ठेवलेली असायची, मला तर लहानपणी ती हसतेय असंच वाटायचं.

कारखान्यात गार पाण्याचं यंत्र बसवलंय. सगळे त्याच्यापुढे उभं राहून गार पाणी पितात. मी पीत नाही, मला मुळात गार आवडत नाही.

भिंगरी


२४ एप्रिल

भिंगरी,

रागाने लिहिते आहे, तसंच वाच.

कवळी पेल्यात असायची, हे बरोबर आठवतंय तुला. आता हे आठव, आईच्या तोंडात ती कधी बघितलीस? मला तर तिचं जेवण आठवतं. घासागणिक पाण्याचा घोट. पाव चहात बुडवून, लगदा करून. पाहुणे आले की गप्प. लोक म्हणायचे, बाई मानी आहे, तोंड उघडत नाही. आपणही तेच म्हणायचो. मी हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या आईलाही हेच असावं, नक्की सांगता येणार नाही, तेव्हा कोणी तपासलं नाही. कवळी टाळ्याला धरून राहते ती ओलीमुळे. कोरड्या तोंडात ती घसरते, घासते, फोड आणते. आई मानी नव्हती. तिला बोलताच येत नव्हतं.

तेव्हा "काढून टाक" हे इतकं सोपं नाही. माझे आहेत ते दात राहिले तरच मी बोलणार. वीस मे रोजी पुन्हा दाखवायचं आहे. त्या म्हणाल्या, तोवर नवी कीड दिसली तर वरचे पुढचे चार वाचवता येणार नाहीत. पुढचे चार गेले तर पाच दिवसांनी साहेबांसमोर काय बोलू? नुसती हवा जाईल.

त्या फार कोड्यात पडल्या आहेत. सगळं सांगितल्याप्रमाणे करता, म्हणाल्या, तरी एखादी गोष्ट हिशेबात बसत नाही. दातांच्या कडा झिजताहेत, साबणाच्या वडीसारख्या. पुन्हा विचारलं, तोंडात काही ठेवता? मी पुन्हा नाही म्हटलं.

बिनसाखरेचे डबे मिळाले. साखर नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाहीच ना? गोळ्या नसत्या तर काल सहा दहाची गाडी सांगता आली नसती.

ताई


२ मे

ताई,

हातातली गोळी खाली ठेव. तोंडात असेल तर थुंकून टाक. मग पुढे वाच.

तुझं पत्र आलं. कडा झिजतात, साबणाची वडी, हे मी दोनदा वाचलं आणि मला मुकादमाचा तोंडावरचा हात आठवला. जेवणाच्या सुट्टीत सरळ त्याच्यासमोर जाऊन बसलो. तो पाव चहात बुडवत होता. आईसारखा. मी म्हटलं, मुकादम, दात दाखवा. म्हणाला, शिंगरू घ्यायला आलायस काय? मी म्हटलं, बहिणीचा प्रश्न आहे. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हात काढला.

ताई, पुढच्या दातांतून पलीकडचं दिसेल इतके पातळ. अकरा वर्षं या खात्यात. मी म्हटलं, साखरेने? तो म्हणाला, "मी साखर खात नाही रे. भुकटी. आंबट आहे ते. आमची तर नुसती उडून तोंडात जाते, आणि धुवायला थुंकी तरी आहे. तुझी बहीण तर गालात धरून बसते, आणि तिच्या तोंडात काय आहे धुवायला?"

मला खरं वाटेना. उकडलेल्या अंड्याचं टरफल घेतलं आणि पिंप धुतलेल्या पाण्यात टाकून ठेवलं. लगेच फेस. दुसऱ्या दिवशी बोटाने उचललं तर टरफल नव्हतंच, नुसती ओली कातडी. बिनसाखरेचं पिंप होतं ते. मी म्हटलं होतं ना, भुकटी तीच.

मी पाठवल्या. मी म्हटलं, हात आखडू नकोस. तू डॉक्टरीणबाईंना दोनदा नाही म्हणालीस, ते माझ्यासाठी ना? माझं नाव येईल म्हणून? येऊ दे. जा आणि सांग. हेच पत्र दाखव, तुला बोलावंही लागणार नाही.

भिंगरी


१२ मे

ताई,

दहा दिवस झाले. काही नाही.

तुझ्या फोनची घंटा वाजत राहते. काल शेवटी स्टँडच्या चौकशीच्या नंबरवर लावला. कोणीतरी उचलला आणि बाजूला ठेवून दिला. मागे घोषणा चालली होती. सहा दहाचीच. तुझा आवाज नव्हता. कोणीतरी दुसरी बाई, थांब्यांची नावं वाचताना अडखळत होती. मी फोन कानाला धरून सगळे थांबे ऐकले. वाटलं, शेवटी तरी तू बोलशील.

काय झालंय ते लिही. वाईट असेल तर वाईट लिही. एक ओळ लिही. "ताई भूक" एवढी लहान चालेल.

भिंगरी


१६ मे

भिंगरी,

आधी हे, आहे मी. आता क्रमाने सांगते.

सहा तारखेला तीन नंबरच्या फलाटाची घोषणा करत होते. "फलाट" म्हटलं आणि पुढचा एक दात तुटून जिभेवर आला. दुखलं नाही. खडा लागावा तसं. माईक चालू होता. मी दात गालात सरकवला, तुझ्या गोळीच्या शेजारी, आणि घोषणा पुरी केली. मग माईक बंद केला आणि तिकीटवाल्या बाईंना चिठ्ठी लिहिली, पुढच्या गाड्या तुम्ही सांगा. तू ऐकलास तो त्यांचा आवाज. बिचाऱ्यांनी आयुष्यात कधी माईक धरला नव्हता.

घरी आले आणि फोन उचललाच नाही. काय बोलणार? आरशासमोर तुझं नाव घेऊन बघितलं, ओठांतून नुसती शिट्टी आली. खोटं सांगणार नाही, त्या रात्रीही एक गोळी खाल्ली. सवय, दुसरं काय.

अकरा तारखेला तुझं पत्र आलं. बारा तारखेला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मी तीन गोष्टी ठेवल्या. दात, डबा आणि तुझं पत्र. त्यांनी पत्र उभ्याने वाचलं. डबा उघडून वास घेतला.

"किती दिवस?"

मी बोटं दाखवली. तीन महिने.

"दिवसाला किती?"

मी खांदे उडवले.

"म्हणजे मी भिंतीला वरून गिलावा करत होते, आणि तुम्ही आतून पाण्याचा नळ सोडून बसला होतात!" मग म्हणाल्या, "हा भाऊ काय करतो?" मी पत्रातलं पिंप दाखवलं. "त्याला म्हणावं, टरफलाचा प्रयोग चांगला होता. माझ्याकडे शिकायला येणारी मुलंही इतकं करून बघत नाहीत."

मला वाटलं होतं त्या मला हाकलतील. त्यांनी खुर्ची मागे केली आणि चार दिवस रोज बोलावलं. एक दाढ गेली. तुटलेल्याचं मूळ शाबूत आहे, त्यावर दात बांधला. बाकीचे भरले. सगळ्यांवर एक लेप लावला, तो दर तीन महिन्यांनी लावायचा. दुकानात नुसती मागून मिळत नाही अशी जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून दिली आहे. मऊ ब्रश, आणि घासल्यावर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे पेस्ट दातांवर राहते. माझा तर निम्मा जन्म चुळा भरण्यात गेला. काचेमागे पाण्याची बाटली ठेवायची आणि घोषणेआधी एक घोट घ्यायचा, तहान असो नसो. झोपताना तोंडात लावायला एक जेल आहे. चघळायचंच असेल तर साखर नसलेलं आणि आंबटही नसलेलं च्युइंगम. लाळ वाढवायचं औषधही असतं म्हणे, पण ते मोठ्या डॉक्टरांना विचारून, त्याने घाम फार येतो. मी विचारलं, मग बरी होईन? त्या म्हणाल्या, "लाळ परत आणायचं वचन मी देत नाही. दात राखायचं देते, पण माझ्याशी खोटं बोलायचं नाही."

पुढचे चार सध्या जागेवर आहेत. ऑगस्टमध्ये पुन्हा बघणार. पंचवीसला साहेबांसमोर बसायचं आहे, गोळीशिवाय. रोज आरशासमोर सहा दहाची गाडी सांगते. "स" अजून निसटतो.

आता तू. मी तुझी पत्रं क्रमाने लावून पुन्हा वाचली. चहा कोमट. गार पाणी आवडत नाही. लहानपणी बर्फाच्या गोळ्यासाठी फलाटावर लोळण घेणारा माझा भाऊ आहेस तू. आरशात बघ आणि खरं लिही. मी खोटं बोलले त्याचं काय झालं ते तुला दिसलं.

ताई


२४ मे

ताई,

बघितलं.

पुढच्या दोघांच्या कडा पातळ झाल्यात. उजेडात धरलं तर निळसर दिसतात. मार्चपासून कळ जाते. लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, खातं सोड, आणि खातं सोडलं की तुझ्या गोळ्या बंद. आपण दोघं एकमेकांपासून दात लपवत होतो.

मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, तोंडाला फडकं बांधायचं साहेबांनी कधीच सांगितलंय, आपण बांधत नाही, गरम होतं म्हणून. आजपासून पिंपावरचे आम्ही सहाही जण बांधतोय. मुकादम पहिला. म्हणाला, मला आता बांधून काय उपयोग, तरी बांधतो, हसताना हात तरी मोकळा राहील. मला जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून खोकी बांधायच्या खात्यात घेतील. बंदराला जात नाही. त्याआधी चार दिवसांची सुट्टी मागितली आहे, मिळेल की नाही माहीत नाही.

उद्या पंचवीस. इथे बसून काय करू? खिडकीशी उभं राहून इकडची बस सुटताना मोठ्याने सांगितली, सगळ्या थांब्यांसकट. लोक बघत होते.

पाण्याचा घोट घे. मग बोल.

भिंगरी


(चिठ्ठी, ४ जून, घोषणेच्या खोलीच्या फटीतून)

ताई, वर बघू नकोस, माईक चालू आहे. सुट्टी मिळाली. चार चाळीसच्या गाडीने आलो. गाडी फलाटाला लागत होती तेव्हा तू सांगत होतीस, "स" सगळे जागेवर होते, मी मोजले. म्हणजे साहेबांनी तुलाच ठेवलं ना? बाहेर बाकावर बसलोय. भूक लागली. अजून किती?


(त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे)

मलाच ठेवलं. सहा दहापर्यंत थांब. तुझं पत्र आलं त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं आहे, तू येशील त्या संध्याकाळची सातची वेळ तुझी. आता काचेजवळ ये आणि आधी आ कर.